कृषि महाविद्यालय, ग्रामपंचायत आणि गावची मुले

दर वर्षी पावसाळ्यात राज्यातील अनेक गावांत कृषि महाविद्यालयांच्या अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी मुक्कामास येतात. गावकरी त्यांना कृषिदूत व कृषिकन्या या नावांनी ओळखतात. ग्रामपंचायत कार्यालयात सरपंचांच्या हस्ते त्यांचे स्वागत होते, छायाचित्र घेतले जाते आणि दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रमांस प्रारंभ होतो. चौकात रांगोळीने गावाचा नकाशा रेखाटतात. बीजप्रक्रिया कशी करावी, वाळलेल्या चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया कशी करावी, मातीचा नमुना कसा घ्यावा, याची प्रात्यक्षिके होतात. एखाद्या दिवशी शाळेच्या आवारात झाडे लावली जातात. (पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची नवी चाल चांगली आहे, रोप जगले तर आणखी चांगली.) मुदत संपली की निरोपाचा समारंभ होतो. विद्यार्थ्यांच्या कार्यानुभवाची वही प्राध्यापकांच्या सहीने पूर्ण होऊन महाविद्यालयाच्या कपाटात जाते. गावाच्या दप्तरात राहतो तो स्वागताचा एक ठराव.

यात कोणाची लबाडी नाही. विद्यार्थी मनापासून राबतात, त्यांच्यातील कित्येक स्वतः शेतकऱ्यांची मुले असतात, आणि ज्या शेतकऱ्याच्या घरी ते शिकतात तो त्यांना घरच्यासारखे वागवितो. शासनाचा हेतूही स्पष्ट आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने पुस्तकातील शेती व बांधावरील शेती यांतील अंतर स्वतः पाहावे यासाठी ग्रामीण कृषि कार्यानुभव अभ्यासक्रमात आला, आणि २०१५ मध्ये 'स्टुडंट रेडी' या नावाखाली त्याची नव्याने मांडणी झाली. विद्यार्थ्याच्या शिक्षणाची सोय गावाने करून दिली, हे उघडच आहे. परंतु त्याच गावात आठवी-नववीत शिकणारी जी मुले रांगोळीचा नकाशा पाहत चौकात उभी असतात, त्यांच्या शिक्षणाची कोणती सोय महाविद्यालयाने केली, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी देता येत नाही. हा प्रश्न विचारला जात नाही, हेच मुळात चुकते.

दहावीनंतर गावातील मूल जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालते. पुष्कळ ठिकाणी तेथे कला शाखाच तेवढी असते. विज्ञान शाखेसाठी तालुक्याला जावे लागते, एस.टी.चा पास काढावा लागतो, आणि मुलगी असेल तर घरात दोन रात्री चर्चा होते. म्हणून जवळचे ते बरे असे ठरते. दोन वर्षांनी तेच मूल कृषि पदवीची चौकशी करू लागले म्हणजे कळते की त्यासाठी बारावीस विज्ञान शाखा व सामाईक प्रवेश परीक्षा आवश्यक होती. दहावीनंतर कृषि तंत्र विद्यालयातील पदविकेचा मार्ग होता, तोही त्या वेळी कोणी सांगितला नव्हता. हे सांगू शकणारी आठ-दहा मुले-मुली, स्वतः त्याच वाटेने गेलेली, त्याच गावात पावसाळाभर राहून गेली होती. त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांच्या वहीत तसा रकाना नव्हता.

महाविद्यालय व स्थानिक कारभार यांनी एकत्र येऊन मुलांच्या शिक्षणासाठी काही करावयाचे, तर ते कसे घडते, हे पाहण्यासाठी थोडे दूर जाणे उपयोगाचे आहे. कृषि विद्यापीठाची कल्पना आपल्या देशाने अमेरिकेतील भूदान महाविद्यालयांवरून घेतली. तेथे १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमिनी देऊन त्यांच्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये काढण्याची सोय झाली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगक्षेत्रे जोडली गेली. शिक्षण आले, संशोधन आले. तरीही ते ज्ञान शेतकऱ्याच्या घरात शिरत नव्हते. विद्वानांची पुस्तके व शेतकऱ्याचा अनुभव या दोहोंमध्ये जी दरी होती ती पुष्कळ वर्षे तशीच राहिली.

ती दरी एका बाजूने बुजविण्यास सुरुवात झाली ती ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीत, आणि ती करणारा मनुष्य महाविद्यालयाचा नव्हता. अल्बर्ट ग्रॅहम हा स्प्रिंगफील्ड टाऊनशिपच्या शाळांचा अधीक्षक होता. टाऊनशिप म्हणजे काही खेड्यांचा मिळून असलेला स्थानिक कारभाराचा लहान घटक. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर तो स्थानिक संस्थेच्या शाळाखात्यातील नोकर होता. १५ जानेवारी १९०२ रोजी त्याने काउंटीच्या कचेरीच्या तळघरात सुमारे तीस मुलामुलींना जमविले व त्यांचे एक मंडळ काढले. या मुलांनी मक्याच्या निवडक बियाण्याची लहानशी पेर करावयाची, भाज्या व फुलझाडे लावावयाची, आणि आपापल्या घरच्या शेतातील माती आम्ल आहे की काय हे लिटमस कागदाने पाहावयाचे, असा कार्यक्रम होता. बी व कागद आणावयाचे कोठून? त्यासाठी त्याने राज्याच्या कृषि महाविद्यालयाकडे व प्रयोगक्षेत्राकडे साहाय्य मागितले, आणि ते मिळाले.

या घटनेत पाहण्यासारखे आहे ते एवढेच की मागणी गावाकडून गेली. महाविद्यालय खेड्यात कार्यक्रम घेऊन आले नाही. खेड्यातील शाळेच्या कारभाऱ्याने आपली मुले, आपली जागा आणि आपला प्रश्न पुढे ठेवला व महाविद्यालयाकडून जे नेमके हवे ते मागितले. तेव्हा महाविद्यालयालाही आपणास काय द्यावयाचे हे कळले. तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, त्या राज्य विद्यापीठाने ग्रॅहम यालाच आपल्या कृषि विस्तार कार्याचा पहिला अधीक्षक नेमले. शाळेचा कारभारी महाविद्यालयात गेला आणि जाताना गावाचा प्रश्नही घेऊन गेला.

दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात १९०७ मध्ये होम्स काउंटीच्या शाळांच्या अधीक्षकाने याच तऱ्हेने मुलांची मका-मंडळे काढली. केंद्राच्या कृषि खात्याने त्याला वर्षाला एक डॉलर पगार देऊन आपला माणूस म्हणविले, म्हणजे त्याची पत्रे फुकट जात. ही मंडळे झपाट्याने पसरली. १९१० मध्ये दक्षिण कॅरोलिनातील जेरी मूर या शाळकरी मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका काढला. आपल्या मापाने तो ५८ क्विंटलांच्या घरात जातो. या आकड्याचा त्या वेळी फार गाजावाजा झाला. वस्तुतः त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी होती की मंडळाच्या प्रत्येक मुलास नांगरटीपासून काढणीपर्यंतच्या खर्चाची वही ठेवावी लागे. बापाने जन्मात कधी मांडला नव्हता तो एकरी हिशेब मुलाने मांडला. एका मुलाचे पीक एका हंगामाचे असते. हिशेबाची सवय घरात राहते. पुढे हीच मंडळे चार पानांच्या हिरव्या खुणेने '४-एच' या नावाने ओळखली जाऊ लागली व ती आजही चालू आहेत.

परंतु केवळ उत्साही माणसांवर अशी कामे टिकत नाहीत. ती टिकली ती पैशाच्या व्यवस्थेमुळे. ८ मे १९१४ रोजी स्मिथ-लीव्हर कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक राज्याला विस्तार कार्यासाठी केंद्राकडून दहा हजार डॉलरची ठोक रक्कम मिळावयाची. त्यापुढील वाढीव रक्कम हवी असेल तर तेवढीच रक्कम राज्यातून उभी राहिली पाहिजे, अशी अट होती. ती राज्याने द्यावी, महाविद्यालयाने द्यावी, काउंटीने द्यावी किंवा खाजगी देणगीतून यावी, याला कायद्याची हरकत नव्हती. म्हणूनच त्या कार्याच्या नावातच 'सहकारी' हा शब्द आला. काउंटीने आपल्या करातून पैसा दिला की काउंटीचे लोक विचारू लागले: आमच्या पैशाने नेमलेला माणूस आमच्या मुलांसाठी काय करतो? महाविद्यालयालाही उत्तर द्यावे लागू लागले. ज्याने वाटा दिला त्यालाच जाब विचारता येतो, हे तेथे व्यवहाराने सिद्ध झाले.

आपल्याकडे हीच कल्पना आली तेव्हा तिचे दोन पाय आले आणि तिसरा मागे राहिला. १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषि विद्यापीठ या धर्तीवर स्थापन झाले. महाराष्ट्रात राहुरी येथे १९६८ मध्ये, अकोला येथे १९६९ मध्ये, आणि दापोली व परभणी येथे १९७२ मध्ये कृषि विद्यापीठे झाली. शिक्षण व संशोधन ही दोन्ही कामे त्यांनी उत्तम रीतीने उभी केली. विस्तार शिक्षणाचा विभागही प्रत्येक विद्यापीठात आहे. तथापि गावात प्रत्यक्ष जाणारा माणूस विद्यापीठाचा नव्हता. तो शासनाचा व जिल्हा परिषदेचा होता. जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या, म्हणजे विद्यापीठांच्याही आधी. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे, ग्रामपंचायतींवर देखरेख त्यांची, शेतीच्या योजनाही पुष्कळशा त्यांच्याच. पुढे १९९८ च्या फेररचनेत गावपातळीवरील विस्ताराचे बरेचसे काम कृषि विभागाच्या छत्राखाली गेले. या सर्व घडामोडींत ज्ञान विद्यापीठाकडे, मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि विस्तार कर्मचारी तिसऱ्याच खात्यात, अशी वाटणी झाली. तिन्ही खाती एकाच गावात काम करतात. त्यांची गाठ पडते ती बहुधा स्वागतसमारंभात.

असे असले तरी हा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित होता असे म्हणता येणार नाही. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि स्थानिक संस्थेचा कारभार हाती असताना त्यांनी शिक्षणाच्या प्रसारास प्राधान्य दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले, आणि १९४७ मध्ये शिवाजी महाविद्यालय सुरू केले तेव्हा तेथे मुलाने श्रम करावेत व शिकावे ही पद्धत ठेवली. ती वसतिगृहे खेडोपाडीच्या धान्यावर चालली. ज्या घरातून पायलीभर ज्वारी गेली त्या घराला ती शाळा आपली वाटली. ओहायोत काउंटीच्या कराने जे साधले ते येथे ज्वारीने साधले होते.

अलीकडच्या काळात योजनांची उणीव नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे व तिच्या विशेष शिबिरांसाठी महाविद्यालये गावे दत्तक घेतात. २०१४ मध्ये उन्नत भारत अभियान सुरू झाले. त्यात उच्च शिक्षणसंस्थेने पाच गावांशी संबंध जोडावयाचा आहे. दत्तक हा शब्द मात्र विचार करण्यासारखा आहे. दत्तक घेतलेल्या मुलाला काय हवे ते घेणारा ठरवितो. गावाला महाविद्यालयाशी जे नाते हवे ते दत्तकाचे नसून वाटेकऱ्याचे आहे. वाटेकरी बी कोणाचे, बैल कोणाचे, खत कोणाचे हे आधी ठरवितो, आणि रास झाल्यावर मापाजवळ उभा राहतो.

मग ग्रामपंचायतीने वाटा काय द्यावा? येथे कोणी म्हणेल की पंचायतीकडे पैसा कोठे आहे; घरपट्टी वसूल होत नाही, पाणीपट्टीत पंपाचे वीजबिल भागत नाही. ही अडचण खरी आहे, परंतु ती पूर्ण खरी नाही. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावा असा दंडक आहेच. तो भाग वर्षअखेरीस घाईघाईने सतरंज्या, खुर्च्या किंवा भांडी घेण्यात संपतो, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. त्यातून काही हजार रुपये मुलांच्या या कामासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ घालून मांडले तर कोणाचे नुकसान होणार नाही. रक्कम लहान असो. ओळ वेगळी असली पाहिजे. वेगळी ओळ असली की ग्रामसभेत तिच्याविषयी प्रश्न निघतो.

पैशापेक्षाही महत्त्वाचा वाटा म्हणजे गावाचा प्रश्न. कृषिदूत गावात असतात तेव्हा १५ ऑगस्टची ग्रामसभा येते. त्या सभेत शाळेतील मुलांकडून व कृषिदूतांकडून गावाला काय शोधून हवे आहे ते ठरवावे, आणि तो प्रश्न एका वाक्यात ठरावात लिहावा. एक नमुना येथे थोडा विस्ताराने देणे योग्य होईल, कारण त्यात मुलांचे शिक्षण व शेतकऱ्याचा लाभ हे दोन्ही एकाच कामात येतात.

सोयाबीन पिकविणाऱ्या गावांत घरचे बियाणे उगवेल की नाही, हा दर वर्षीचा घोर आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या, हे शेतकरी अद्याप विसरले नसतील. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते. मळणीयंत्राच्या फेऱ्या जास्त ठेवल्या किंवा पोती उंचावरून आपटली की आतील अंकुराला इजा होते आणि दाणा वरून चांगला दिसत असूनही उगवत नाही. ज्याने सावकाश मळणी केली त्याचे बी व ज्याने घाईने केली त्याचे बी यांत फरक किती, हे प्रत्येक गावात वेगळे असते. हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते गावातच मोजावे लागते, आणि शाळेतील मुले ते मोजू शकतात.

पद्धत सोपी आहे. धुतलेले गोणपाट ओले करून पसरावे. पोत्यातील निरनिराळ्या भागांतून घेऊन मिसळलेल्या बियाण्यातील शंभर दाणे, निवड न करता, दहा-दहांच्या ओळींत त्यावर मांडावेत. वरून दुसरे ओले गोणपाट झाकून गुंडाळी करावी व सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. आठव्या दिवशी उघडून जेवढे निरोगी अंकुर असतील तेवढे मोजावेत. वेडेवाकडे व कुजके सोडून द्यावेत. एकाच बियाण्याचे असे तीन-चार नमुने घेऊन सरासरी काढली तर भरवसा वाढतो. सोयाबीनची उगवण शेकडा ७० च्या खाली आली तर एकरी बियाणे वाढवावे लागते, फारच खाली आली तर ते बी पेरणीस वापरू नये. शेकडेवारी, सरासरी, नमुना व नोंद हे सातवी-आठवीच्या गणितातच आहे. फळ्यावरचे गणित व बापाच्या पोत्यातील दाणे यांचा संबंध मुलाला एकदा दिसला, तर त्या गणिताविषयीची त्याची भीती जाते.

अडचण आहे ती वेळेची. विद्यार्थी गावात येतात तेव्हा पुष्कळदा सोयाबीनची पेरणी उरकलेली असते. महाविद्यालयाचे वर्ष परीक्षेवर चालते, गावाचे वर्ष मृगावर. सबब पहिल्या वर्षी हे काम हरभऱ्यावर शिकवावे. कोरडवाहू हरभऱ्याची पेरणी सप्टेंबरअखेरीस सुरू होते. तत्पूर्वी, विद्यार्थी गावात असतानाच, मुलांनी घरोघरचे हरभऱ्याचे बी आणून ही चाचणी करावी. प्रमाणित हरभऱ्याची उगवण किमान शेकडा ८५ असावी लागते, तेव्हा घरचे बी त्या मानाने कोठे आहे ते कळेल. एकदा हात बसला की पुढील एप्रिलमध्ये, शाळेला सुटी लागण्यापूर्वी, हीच चाचणी मुलांनी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली सोयाबीनवर करावी. त्या वेळी कृषिदूत गावात नसतील. ते नसतानाही काम झाले, तरच ते शिकविले गेले असे मानता येईल.

मातीच्या बाबतीतही असेच करता येते. ग्रॅहमच्या मुलांचा लिटमस कागद आपल्या शाळेत आला तर काळ्या जमिनीची माती बहुधा निळी खूण दाखवील आणि मुले विचारतील, असे का? त्याचे उत्तर देण्याइतके रसायन कृषिदूताला येते. नमुना घेण्याची योग्य वेळ पीक निघाल्यावर व नांगरटीपूर्वी असते, म्हणून तेही उन्हाळ्याच्या तोंडावरचे काम. नमुने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून द्यावेत, ही मागणी पंचायतीने पत्रात स्पष्ट करावी. पत्रात जे नसते ते पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता महाविद्यालयाच्या वाट्याविषयी. प्राध्यापक विद्यार्थ्यांची वही तपासतात, ते योग्यच आहे. परंतु वहीत गावच्या मुलांना काय शिकविले याला गुण नसतील, तर विद्यार्थी ते काम आवडीने करतील आणि परीक्षा जवळ आली की सोडतील. त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून महाविद्यालयाने या कामाला आपल्या मूल्यमापनात जागा द्यावी. दुसरे असे की गावातील कामाची वही दोन प्रतींत असावी व एक प्रत शाळेत राहावी. दर वर्षी नवा गट येतो, पुन्हा तेच सर्वेक्षण करतो, पुन्हा त्याच शेतकऱ्याला किती जनावरे व किती एकर असे विचारतो. शेतकरी सौजन्याने पाचव्यांदाही उत्तर देतो. मागील वर्षाची वही शाळेत असती तर नव्या गटाने तेथून पुढे सुरुवात केली असती, आणि गावाच्या बियाण्याचा, मातीचा व पाण्याचा काही वर्षांचा इतिहास मुलांच्याच हस्ताक्षरात तयार झाला असता.

शाळेच्या परसबागेचाही येथे विचार व्हावा. शालेय पोषण आहाराच्या निमित्ताने अनेक शाळांनी परसबागा केल्या आहेत. काही फार सुंदर आहेत. काही केवळ तपासणीच्या दिवसापुरत्या हिरव्या असतात. जेथे पाण्याची सोय आहे तेथे गुंठाभर जागा कृषिदूत व मुले यांच्याकडे देऊन, अर्ध्या भागात घरचे बी व अर्ध्या भागात विद्यापीठाचे बी लावून खर्चाची व तोडणीची नोंद मुलांकडे सोपवावी. पंचायतीने पाण्याची तोटी तेवढी द्यावी. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. हे काम मुलांच्या शिकण्यासाठी आहे. शाळेचे आवार झाडणे, खड्डे खणणे, पाणी वाहणे ही कामे शिक्षणाच्या नावाखाली मुलांवर, त्यातही ठरावीक घरांतील मुलांवर, टाकली जाऊ नयेत. ज्या मुलाच्या हातात कुदळ आहे त्याच्या हातात नोंदवहीही असली पाहिजे. नाही तर काही मुले राबतात आणि काही मुले लिहितात, ही जुनी व्यवस्था शाळेतच पुन्हा उगवेल.

नववी-दहावीच्या मुलांना वर्षातून एक दिवस महाविद्यालयात नेण्याचा खर्च मात्र पंचायतीने अवश्य करावा. एका एस.टी.चे भाडे, एवढाच तो खर्च. मुलांनी प्रयोगशाळा पाहावी, प्रक्षेत्र पाहावे, गोठा पाहावा; परंतु त्याहून अधिक आवश्यक म्हणजे वसतिगृह पाहावे, आणि मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही न्यावे. मुलीने पुढे शिकावे की नाही हा निर्णय घरात होतो तेव्हा आईच्या डोळ्यांपुढे मुलीची राहण्याची जागा असते, अभ्यासक्रम नसतो. खोली कशी आहे, फाटक कितीला बंद होते, जेवण कोण करते, हे तिने स्वतः पाहिले म्हणजे पुष्कळशा शंका विनासायास मिटतात. गावात पावसाळाभर राहिलेली कृषिकन्या त्या दिवशी तेथे ओळखीची म्हणून भेटली, तर आणखी काही सांगावे लागत नाही. प्रवेशाला कोणती शाखा, कोणती परीक्षा, कोणती कागदपत्रे व कोणत्या शिष्यवृत्त्या लागतात, हे त्याच दिवशी एका कागदावर मराठीत छापून प्रत्येक मुलाच्या हाती द्यावे. तो कागद दहावीच्या निकालानंतर देऊन उपयोग नाही. दहावीच्या आधीच्या दिवाळीत दिला पाहिजे.

हे सर्व घडवून आणण्याची जबाबदारी कोणाची, असा प्रश्न निघेल, आणि तो योग्य आहे; कारण ज्याचे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हटले जाते, त्यांच्याकडे आधीच कामांचा ढीग आहे. शिक्षकांचीही स्थिती वेगळी नाही. म्हणून आणखी एक समिती नेमू नये. समित्या गावात पुष्कळ आहेत, त्यांतील काहींची बैठक कागदावरच होते. तीन माणसांची नावे पत्रात लिहावीत: पंचायतीचा एक सदस्य, शाळेतील एक शिक्षक व महाविद्यालयातील एक प्राध्यापक. तीन भ्रमणध्वनी क्रमांक एकमेकांजवळ असावेत. शाळा व्यवस्थापन समितीला ठराव कळवावा. विस्तार कर्मचाऱ्याने या तिघांची पहिली भेट घडवून द्यावी, एवढे त्याचे काम. पुढे तो दूर झाला तरी चालेल, किंबहुना त्याने दूर व्हावेच.

महाविद्यालये या अटी मान्य करतील का, अशी शंका घेणारे आहेत. ती अगदी निराधार नाही. एखादे महाविद्यालय म्हणेल की आमचा अभ्यासक्रम वरून ठरतो. तेव्हा पंचायतीने नम्रपणे सांगावे की विद्यार्थ्यांची राहण्याची सोय, प्रात्यक्षिकांना जागा व सर्वेक्षणास घरोघरची माहिती गाव देते. त्याबदली एवढे मागणे फार नाही. गावाशिवाय कार्यानुभवाचा अभ्यासक्रम पुरा होत नाही, हे बळ गावाजवळ आहे. बहुतेक सरपंचांना त्याची जाणीव नसते, कारण आजवर त्यांच्याकडे आलेल्या पत्रात सहकार्याची विनंती असे आणि सहकार्य म्हणजे खोली व हार असा अर्थ घेतला जाई. यंदा ते पत्र येईल तेव्हा त्याच्या उत्तरात गावाचा एक प्रश्न, अंदाजपत्रकातील ती एक ओळ आणि शिक्षकाचे नाव लिहून पाठवावे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरभऱ्याचे शंभर दाणे मोजण्यास शाळेला लागेल ते एक गोणपाट व बादलीभर पाणी.